माळ्यावरचा बेंजो

(समुदाय रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

मी भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक भागातून बोलते आहे. इथल्या बचत गटांची मी समन्वयक आहे. दर वेळी आपण इथं लोणचं, शिवणकाम, शेळ्या, बँकेचं कर्ज असे विषय घेतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज मी बेंजोबद्दल बोलणार आहे. हो, तोच बेंजो, जो गणपतीच्या मिरवणुकीत आणि हळदीच्या रात्री वाजतो.

तुम्ही म्हणाल, बचत गटाचा आणि बेंजोचा काय संबंध? संबंध आहे, म्हणूनच हा विषय घेतला. आमच्या एका गटापुढे जुन्या बेंजोच्या दुरुस्तीसाठी कर्जाचा अर्ज आला. आम्ही दोन बैठका त्यावर वाद घातला. त्या वादातून मला या वाद्याची माहिती काढावी लागली, आणि माहिती काढता काढता मला ते आवडायला लागलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं वाद्य माळ्यावर पडलं असेल तर आजची माहिती कामाची आहे. नसेल तरी अर्ज आल्यावर काय विचार करायचा, त्यासाठी कामाची आहे.

आधी वाद्य समजून घेऊ. आपला बेंजो म्हणजे इंग्रजी सिनेमात दिसतो तो गोल चामड्याचा बँजो नव्हे. आपला बेंजो म्हणजे लाकडाची लांबट पेटी. तिच्यावर पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं असतात. डाव्या हातानं बटण दाबायचं आणि उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. पुस्तकात याला बुलबुल तरंग म्हणतात. मुंबई-ठाण्यात सगळे बेंजोच म्हणतात. २०१६ साली रवी जाधव यांनी याच नावाचा हिंदी सिनेमा काढला होता, त्यात रितेश देशमुख बेंजोवाला झाला होता.

हे वाद्य मूळचं आपलं नाही, जपानचं आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसानं ते तयार केलं. त्यांच्याकडे दोन तारांचं एक जुनं वाद्य होतं. त्याला त्यानं टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. त्या वर्षी जपानात नवा सम्राट गादीवर आला आणि तैशो नावाचा नवा काळ सुरू झाला, म्हणून वाद्याचं नाव पडलं तैशोगोतो. हे वाद्य पुढं फार फिरलं. भारतात ते बुलबुल तरंग झालं, बलुचिस्तानात त्याचाच मोठा भाऊ बेंजू म्हणून वाजतो, आणि आफ्रिकेत केनियाच्या मोंबासा बंदरातल्या गाण्यांतही ते पोचलं. ते इतकं का पसरलं? एक तर ते शिकायला सोपं आहे. व्हायोलिनवर सुराची जागा बोटानं शोधावी लागते. इथं सुराची जागा ठरलेली असते, बटण दाबलं की सूर मिळतो.

आता एक गोष्ट ऐका. जपानात आज हे वाद्य कोण वाजवतं? मुख्यतः बायका, आणि त्यातही पन्नाशी-साठीच्या. त्यांचे गट असतात. उंच सुराचं, मधल्या सुराचं आणि खर्जाचं अशी या वाद्याची वेगवेगळी मापं मिळतात. ती घेऊन बायका एकत्र बसून वाजवतात. विजेवर चालणारी वाद्यंही त्यांच्याकडे असतात. आणि आपल्याकडे? मी इतकी वर्षं भाईंदरमध्ये राहते. नवघर, गोडदेव या जुन्या गावांतून कितीतरी हळदी आणि विसर्जनं पाहिली. ट्रॉलीवर भोंगे असतात, जनरेटर असतो, ढोल, ताशा, ऑक्टोपॅड, कीबोर्ड असतो आणि मधे गळ्यात पट्टा अडकवून बेंजोवाला असतो. समोर नाचायला बायका असतात. पण बेंजोवर बाईचा हात मी कधी पाहिला नव्हता.

हे वाद्य बाईला जड जातं का? नाही. ते का नाही, हे थोडं समजावून सांगते.

तारेच्या वाद्यात तारेच्या लांबीला फार महत्त्व असतं. कपडे वाळत घालायची दोरी आठवा. लांब अंतरावर बांधलेली दोरी ताठ ठेवायची तर खूप ओढावी लागते. जवळच्या दोन खिळ्यांवर बांधली तर थोड्या ओढीनं ताठ राहते. तारेचंही तसंच आहे. सूर तोच हवा असेल आणि तार त्याच जाडीची असेल, तर आखूड तारेला कमी ताण लागतो. म्हणून आखूड मापाची वाद्यं बोटाला हलकी लागतात आणि सुरांच्या जागाही एकमेकींच्या जवळ येतात. लहान हाताला ती सोयीची पडतात.

परदेशात इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत हेच घडलं. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या मोठ्या गिटारच्या तारेची लांबी साडेपंचवीस इंच असते. १९५६ साली या कंपनीनं शिकाऊ मुलांसाठी साडेबावीस इंचांच्या दोन आखूड गिटार काढल्या. हिशेब केला तर त्याच तारेला, त्याच सुरासाठी, साधारण पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्तच ताण कमी लागतो. १९६४ साली त्यांनी मस्टँग नावाची आणखी एक अशीच गिटार काढली. या सगळ्या विद्यार्थ्यांसाठीच्या, स्वस्त गिटार होत्या. त्यामुळे लोक त्यांना कमी दर्जाच्या समजत. १९८२ मध्ये मस्टँग बंद झाली आणि जुन्या मालाच्या दुकानांत कमी भावानं पडून राहू लागली. मग ज्या तरुणांच्या खिशात पैसे नव्हते त्यांनी त्या उचलल्या. त्यांच्यातला एक कर्ट कोबेन पुढं जगभर गाजला, आणि त्याच्या हातात लोकांनी मस्टँग पाहिली. मागणी वाढली. त्याच्या थोडं आधीच, १९९० मध्ये, कंपनीनं जपानच्या कारखान्यातून तीच गिटार पुन्हा काढली होती. आज जुन्या मस्टँगही शोधल्या जातात आणि जुन्या धर्तीच्या नव्याही विकल्या जातात.

इंग्लंडच्या बीटल्स बँडमधल्या जॉन लेननचंही उदाहरण आहे. १९६० साली जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात त्यानं रिकनबॅकर कंपनीची एक गिटार घेतली. तिची तार पावणेएकवीस इंचांची, म्हणजे आणखी आखूड. त्यानं ती आहे तशी ठेवली नाही. बटणं बदलली, तारा जिथं अडकवतात तो भाग बदलला, मूळ लाकडी रंगावर काळा रंग दिला. १९६४ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर त्यानं हीच लहान गिटार वाजवली. लहान वाद्य वाजवलं म्हणून त्याला कुणी शिकाऊ म्हटलं नाही.

आणि इतकं लांब कशाला जायचं? आपलं मिरज बघा. सांगली जिल्ह्यातलं हे गाव सतार आणि तंबोऱ्यासाठी देशभर ओळखलं जातं. तिथल्या शिकलगार घराण्यांचं मूळ काम शस्त्रांना धार लावायचं होतं. पुढं ती वाद्यं बनवू लागली, आज त्यांना सतारमेकर म्हणतात. पंढरपूर, मंगळवेढा भागातल्या शेतातले भोपळे त्यांच्याकडे जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे कारागीर पुरुषांसाठी मोठा तंबोरा करतात आणि बायकांसाठी लहान, आखूड तारेचा जनानी तंबोरा वेगळा करतात, कारण बाईचा आवाज उंच असतो. जनानी तंबोऱ्याला कुणी अर्धवट तंबोरा म्हणत नाही. गळा वेगळा, म्हणून माप वेगळं, इतकंच.

बेंजो तर आणखी सोपा आहे. आखूड तारेची पेटी आणि वर बटणं. बोट थेट तारेवर घासत नाही, त्यामुळे नव्या शिकणाऱ्याची बोटं गिटारसारखी सोलवटत नाहीत. ज्या हातानं भाकरी थापतो, जाळं विणतो, मशीनवर काज-बटण करतो, त्या हाताला बेंजोचं बटण जड नाही.

आता त्या अर्जाकडे येते. आमच्या एका गटात बारा जणी आहेत. त्यांतल्या एका ताईंचे यजमान बेंजो पार्टीत वाजवायचे. ते वारले. त्यांचा बेंजो जुन्या लुगड्यात गुंडाळून चार वर्षं माळ्यावर होता. दीर म्हणाले, आमच्या पार्टीला देऊन टाका. भंगारवाला लाकूड-पत्र्याचा भाव करून गेला. पण अकरावीतली मुलगी म्हणाली, मला वाजवायचा आहे. ताईंनी गटाकडे आठ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. तीन हजार दुरुस्तीला आणि पाच हजार छोट्या ॲम्प्लिफायरला.

बैठकीत दोन तट पडले. एकीचं म्हणणं, हा गटाचा पैसा आहे, नाचगाण्याला कशाला? दुसरी म्हणाली, मुलगी हळदीच्या रात्री बारा वाजता कुठं कुठं फिरणार? तिसरी म्हणाली, उद्या हप्ता थकला तर ताईंना काय म्हणायचं, बेंजो विका? हे प्रश्न खोटे नव्हते. तेव्हा गटातल्या सगळ्यांत वयस्कर आजी बोलल्या. त्या म्हणाल्या, "शिलाई मशीन मागितलं की आपण लगेच सह्या करतो. ते तरी पहिल्या दिवसापासून पैसे देतं का? आधी शिकावंच लागतं ना?" थोडं थांबून म्हणाल्या, "आणि त्याच्या घरात बापाचा बेंजो मुलानं मागितला असता तर आपण इतकं बोललो असतो का?" यावर कुणी उत्तर दिलं नाही.

शेवटी असा ठराव झाला. कर्ज दोन टप्प्यांत द्यायचं. आधी फक्त दुरुस्तीचे तीन हजार. मुलीनं सहा महिने सराव केला आणि हप्ते वेळेवर आले, तर ॲम्प्लिफायरचे पाच हजार. ताई डब्यांचं काम करतात, हप्ता त्या कमाईतून द्यायचा. बेंजोच्या कमाईवर हप्ता ठेवायचा नाही. हे शेवटचं वाक्य आम्ही इतिवृत्तात मुद्दाम लिहिलं. बेंजोची सुपारी हंगामी असते, पावसापाण्याची असते. त्या भरवशावर कर्ज देणं गटालाही बरं नाही आणि घरालाही बरं नाही.

आता कामाची माहिती सांगते. जुना बेंजो हातात आला तर काय बघायचं? कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

पहिलं, लाकूड. पेटी उजेडात धरा. वाळवीची भोकं आहेत का, सांधे उघडले आहेत का, पेटी धनुष्यासारखी वाकली आहे का, ते बघा. बाकी सगळं बदलता येतं, पण वाकलेल्या पेटीवर पैसे घालू नका.

दुसरं, खुंट्या. एकेक खुंटी फिरवून बघा. ती अडकायला नको आणि आपोआप सैल पडायलाही नको. सैल खुंटीनं सूर उतरतो.

तिसरं, बटणं. प्रत्येक बटण दाबा आणि सोडा. ते लगेच वर आलं पाहिजे. दमट हवेत, विशेषतः आपल्या खाडीकाठच्या आणि समुद्राकाठच्या गावांत, खालच्या स्प्रिंगा गंजतात. स्प्रिंग बदलणं स्वस्त काम आहे.

चौथं, तारा. जुन्या गंजलेल्या तारा वाजवून बघू नका, त्या तुटून डोळ्याला लागू शकतात. आधी सगळ्या सैल करा आणि मग काढा. नव्या तारा घेताना जुन्या तारांची जाडी दुकानदाराला दाखवा. उगाच जाड तार लावली तर ताण वाढतो आणि पेटीवर जोर येतो.

पाचवं, सुराची परीक्षा. ही सगळ्यांत महत्त्वाची. मोकळी तार छेडा. मग त्याच तारेवर बारावं बटण दाबून छेडा. तोच सूर वरच्या सप्तकात ऐकू आला पाहिजे. बारावं बटण बरोबर तारेच्या मध्यावर यायला हवं, आणि तार निम्मी झाली की सूर दुप्पट उंच होतो. फरक येत असेल तर आधी घोडी, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती पट्टी, सरकली आहे का बघा. घोडी जागेवर आणली की बऱ्याच वेळा वाद्य सुरात येतं. कान तयार नसेल तर मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप फुकट मिळतं, किंवा भजनी मंडळाची पेटी शेजारी घेऊन बसा.

आता विजेचा भाग. बेंजो विजेवर चालतो म्हणजे काय होतं? तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचा प्रभाव हलतो आणि वेढ्यांत अगदी थोडी वीज तयार होते. ॲम्प्लिफायर ती वाढवतो आणि स्पीकरमधून आवाज येतो. म्हणूनच अशा वाद्याला पोलादी तारच लागते. पितळी किंवा नायलॉनची तार चुंबकाला कळत नाही. आवाज आला नाही तर लगेच पिकअप जळला म्हणू नका. आधी वायर बदलून बघा, मग जिथं वायर घालतो तो जॅक बघा, मग आवाजाचं बटण फिरवून बघा. खरखर येत असेल तर बहुतेक वेळा बटणात धूळ असते, रेडिओ दुरुस्त करणारा ती साफ करून देतो. नुसती घूंऽऽ अशी घरघर येत असेल तर जवळचा ट्यूबलाइट किंवा मोबाईलचा चार्जर बंद करून बघा. पिकअप हवेतली असली घरघरसुद्धा ओढून घेतो.

साध्या, विजेशिवायच्या बेंजोलाही पिकअप बसवता येतो. गावात गिटार किंवा हार्मोनियम दुरुस्त करणारा असेल तर त्याला विचारा. पण बदल करताना तीन गोष्टी पाळा. एक, पेटीला भोक पाडायच्या आधी दोनदा विचार करा. वरून चिकटवायचा पिकअप मिळत असेल तर आधी तो वापरून बघा. दोन, काढलेला प्रत्येक जुना भाग, स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून, वर तारीख लिहून ठेवा. पुढं कुणाला वाद्य पहिल्यासारखं करायचं असेल तर ते भाग लागतात. तीन, चमक यावी म्हणून जुन्या पेटीवर जाड रंग किंवा पॉलिश चढवू नका. कोरड्या मऊ कापडानं पुसा, तेवढं पुरे. ताईंच्या बेंजोवर यजमानांनी खिळ्यानं कोरलेली सुरांची अक्षरं होती. कारागीर म्हणाला, घासून नवं करून देतो. मुलगी नको म्हणाली. आज ती त्याच अक्षरांवरून शिकते आहे.

नवा घ्यायचा की जुना? जुन्या लाकडाचा आवाज गोड असतो असं वाजवणारे सांगतात, पण सगळे जुने बेंजो चांगले नसतात. विकत घ्यायचाच असेल तर वाजवणाऱ्या माणसाला बरोबर न्या, वर सांगितलेल्या परीक्षा दुकानातच करा आणि पावती घ्या. जुनी वस्तू उद्या महाग होईल म्हणून कर्ज काढून साठवू नका. मस्टँगचा भाव वाढला, पण प्रत्येक जुन्या वाद्याचा वाढत नाही. वाजवण्यासाठी घ्या.

आता शिकण्याबद्दल. पहिले पंधरा दिवस गाणं वाजवायचंच नाही. सा ते वरचा सा, वर आणि खाली, सावकाश. रोज वीस मिनिटं पुरेत, पण रोज. आणि एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम सांगते. बेंजो तुमच्या गळ्याला जुळवून घ्या. पार्टीत तो पुरुष गायकांच्या सुरात लावलेला असतो. बाई त्यावर गायला लागली की आवाज एक तर फार खाली जातो, नाहीतर ओरडावं लागतं. आधी तुम्ही आरामात जो सा लावता तो धरा, आणि तार हळूहळू त्या सुराला आणा. तार फारच ताणावी लागत असेल तर थांबा आणि पातळ तार लावा.

पहिली गाणी कोणती? तुम्हाला पाठ आहेत तीच. ओव्या, भोंडल्याची गाणी, भजनं. आमच्या भागात आगरी-कोळी लग्नात धवलारीण असते. ती धवले गाते आणि तिच्या गाण्यावर लग्नाचे विधी चालतात. म्हणजे हळदीच्या घरात सूर मूळचा बाईचाच आहे. बाहेर भोंग्यावर बेंजो सुरू झाला की आतली धवलारीण ऐकू येत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या ताईंच्या मुलीनं सगळ्यांत आधी धवल्याची चाल बसवली. गावातल्या एका वयस्कर धवलारणीनं समोर बसून तिला दुरुस्त केलं. "इथं थांब, इथं श्वास घेते मी," असं सांगत सांगत.

सुरक्षेचंही सांगते. ओल्या हातानं वायरीला हात लावू नका. प्लगशिवाय उघडी वायर बोर्डात खोचायची सवय बऱ्याच ठिकाणी असते, ती मोडा. वाद्याच्या तारा धातूच्या असतात आणि आपली बोटं त्यांच्या जवळ असतात. बोर्डाला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या. पावसात उघड्यावर वाजवू नका. स्पीकरच्या अगदी तोंडाशी लहान मुलांना उभं करू नका. आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे. हा नियम मुलींच्या सोयीचाही आहे. कार्यक्रम दहाला संपला तर घरी परतायची काळजी कमी होते.

आता तुम्ही विचाराल, पुढं काय झालं? दुरुस्ती झाली. सहा हप्ते वेळेवर आले. सातव्या बैठकीत मुलीनं गटापुढे बेंजो वाजवला. चार गाणी वाजवली, दोनदा चुकली, पुन्हा सुरू केली. गटानं दुसरा टप्पा मंजूर केला. विरोध करणाऱ्या ताईंनीही सही केली. पण "रात्रीचं नाही हं," असं बजावून केली. त्यानंतर तिनं दोन घरी दुपारच्या हळदीला बायकांमध्ये वाजवलं. पाकिटात आले ते पैसे फार नव्हते. एका पार्टीकडे ती विचारायला गेली, तर मुलगी नको असं उत्तर मिळालं. कारण सांगितलं नाही. तो प्रश्न अजून तसाच आहे. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांत आज मोठ्या संख्येनं मुली आहेत. त्यांनाही सुरुवातीला कुणी ना कुणी नको म्हटलंच असेल. त्यामुळे हे उत्तर कायमचं आहे असं मी मानत नाही.

दीर आता काय म्हणतात? ते शनिवारी येतात आणि भावाच्या बेंजोवर पुतणीला ठेका समजावतात. पार्टीत घेतो असं अजून म्हणालेले नाहीत.

मैत्रिणींनो, तुमच्या गटापुढे असा अर्ज आला तर माझ्या मते तीन प्रश्न विचारा. वाद्य सुस्थितीत आहे का, की दुरुस्तीत पैसे बुडणार? शिकवायला कुणी आहे का? आणि हप्ता कोणत्या पक्क्या कमाईतून येणार? या तिन्हींची उत्तरं मिळाली तर मुलगी की मुलगा हा चौथा प्रश्न विचारू नका. आणि उत्तरं मिळाली नाहीत तर अर्ज मुलाचा असला तरी नाही म्हणा.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की दोन मिनिटं काढा आणि विचारा, कुणाच्या घरी माळ्यावर बेंजो, पेटी, एकतारी, तंबोरा, काही पडलं आहे का? असेल तर खाली उतरवा. तारा सैल करा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि उजेडात बघा. भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी घरातल्या मुलीला विचारा.

इथंच थांबते.